पीळ

समुद्रकांठचें जुनें झाड, उन्हावाऱ्यानें रापलेलें लाकूड किंवा तसाच एखादा म्हातारा माणूस, या साऱ्यांना आपण सरसकट ‘वेडेंवांकडें’ म्हणून मोकळे होतों. मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला मात्र वांक निराळा आणि पीळ निराळा, हें रोज दिसत असतें.

उंडीचें झाड घ्या. पावसाळ्याचे चार महिने नैऋत्येचा वारा त्यावर खारे तुषार मारतो. समुद्राकडचे कोंभ करपतात आणि झाड गांवाच्या बाजूला कलतें. हा वांक, तो बाहेरून आला. होडी बांधणारा सुतार असें लाकूड आनंदानें घेतो, कारण होडीच्या फासळ्यांना तेंच लागतें. पण ज्या खोडाचे तंतूच गोल फिरत वर चढले, त्याची फळी त्याला नको असते. वाळतांना ती फिरते. हा पीळ, तो अंगचा.

म्हणूनच कीं काय, माणसाचा पीळ म्हणजे ताठा, असें आपण धरून चालतों. ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं’ या म्हणीवरचे मुलांचे शेंकडों निबंध मीं तपासले. मुलें किनाऱ्यावरचीं, पण सुंभाची बाजू एकानेंही घेतली नाहीं!

सुंभ वळावयाचा तर नारळाचीं सोडणें खाडीच्या चिखलांत कित्येक महिने पुरावीं लागतात. मग तीं कुटून काथ्या निघतो. त्याचा तंतू जेमतेम वीतभर. त्याला ना गांठ, ना डिंक. तळव्यांवर दोन पेड एका दिशेनें पिळावयाचे आणि ते दोन्ही मिळून उलट दिशेनें वळावयाचे. प्रत्येक पेड उलगडूं पाहतो, आणि त्या धडपडीनेंच दुसऱ्याला घट्ट धरतो. पीळ काढा, हातांत मूठभर काथ्या उरेल. हें काम करून करून बोटें वांकलेल्या म्हाताऱ्या मीं पाहिल्या आहेत. त्यांच्या पिळाला ताठा म्हणण्यास माझी जीभ रेटत नाहीं.

निवाऱ्याला सुंभ जाळून पाहा. राखेंतही वळसे जसेच्या तसे दिसतात. फुंकर मारली कीं गेले.

आतां होड्यांवर नायलॉनचे दोर आले. ते खाऱ्या पाण्यांत कुजत नाहींत. आमच्या गाबीत बांधवांनीं ते टाकावे असें कोण म्हणेल? मात्र नायलॉनला ज्योत लागली कीं तें वितळतें, टोकाला गोळी तेवढी उरते, पिळाचा मागमूस राहत नाहीं. ज्या मुलानें तेवढाच दोर पाहिला, त्याला ही म्हण उलगडून सांगावयाची तर आधीं कोठून तरी वीतभर सुंभ पैदा करावा लागतो.