खान्देशचे गाणे कोणाच्या मालकीचे?

(एका व्याख्यानाचा गोषवारा)



हिप-हॉप म्हटले की न्यूयॉर्कचे ब्राँक्स आठवते, फार तर 2019 च्या ‘गली बॉय’मुळे धारावी. मिक्सटेप म्हणजे कंपनीची वाट न पाहता गायकाने वा डीजेने स्वतः भरलेली आणि हातोहात खपणारी कॅसेट. या अर्थाने जळगाव-धुळ्याला ही वस्तू परकी नाही. स्वस्त इंटरनेट येण्यापूर्वी मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपये दिले की मेमरी कार्डात अहिराणी गाणी भरून मिळत. गाणे रचणाऱ्याच्या पदरात त्यातले काही पडत नसे. पण गाणे मात्र शिरपूर-चोपड्यापासून सुरतेच्या यंत्रमागांवर राबणाऱ्या खान्देशी मजुरांच्या खोल्यांपर्यंत पोचे.

ध्वनिमुद्रिकेच्या काळात कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्याची मक्तेदारी होती. अहिराणीसाठी तिथे यंत्र कोण थांबवणार? 1980 नंतर कॅसेटने ती मक्तेदारी मोडली, आणि 2016 मध्ये जिओ आल्यावर वितरणाचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. अण्णा सुरवाडे यांनी गायलेले ‘बबल्या इकस केसावर फुगे’ कोट्यवधी वेळा पाहिले गेले. ज्यांना अहिराणीचा गंध नाही, तेही लग्नाच्या वरातीत त्यावर नाचले. कोणत्याही अकादमीने बोलीसाठी एवढे केलेले नाही.

परंतु उत्पादनाचे साधन स्वस्त झाले म्हणजे मालकी बदलली, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी 2018 पासून साधारणतः एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचे प्रेक्षण लागते. लांब चित्रफितीच्या जाहिरात-उत्पन्नातील 55 टक्के चॅनेलकडे येतात. चॅनेलकडे, गायकाकडे नव्हे! ज्याच्या नावावर खाते, त्याच्या बँकेत पैसा. गीतकाराने एकरकमी मानधनावर शब्द देऊन टाकले असतील, तर गाणे वाजत राहते आणि तो रब्बीच्या कामाला लागतो.

यावर कायदा मुका नाही. 2012 च्या दुरुस्तीनुसार गीतकार व संगीतकार यांना रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क, वारस किंवा कॉपीराइट संस्था वगळता, कोणालाही लिहून देता येत नाही. सही केली असली तरीही. व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीवर गायकाचाही हक्क आहे. मात्र व्यवहारच तोंडी असेल तर हा हक्क सिद्ध कसा करणार? असोद्याच्या बहिणाबाईंच्या ओव्या कागदावर उतरल्या, म्हणून 1952 मध्ये त्या त्यांच्या नावाने छापल्या गेल्या. सर्वांनाच सोपानदेवांसारखा मुलगा लाभत नाही.

काही साथी म्हणतील, ही गाणी उथळ आहेत, पोरींची टिंगल करणारी आहेत. पुष्कळ आहेत, आणि तसे स्पष्ट सांगितलेही पाहिजे. तथापि अमळनेरच्या प्रताप मिलमधील कामगाराची मजुरी ठरवताना कापडावरची नक्षी कोणी तपासली नव्हती. शिवाय याच साधनातून दुसरा सूरही निघतो. एप्रिल 2023 मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या मराठी रॅप गायकांवर सत्ताधाऱ्यांवर टीका करणाऱ्या गाण्यांसाठी गुन्हे नोंदवले गेले. तेव्हा त्यांच्यामागे ना कंपनी होती, ना संघटना.

म्हणून तालुक्याच्या कार्यालयात एक साधा, दोन पानी करारनामा मराठीत तयार ठेवावा. खाते कोणाच्या नावावर, वाटा किती, हिशेब कधी दाखवायचा, एवढेच त्यात असावे. लग्नसराईपूर्वी, नवी गाणी भरली जात असताना, तो कलावंतांच्या हाती पडला पाहिजे.