डाळींच्या पिकास नत्राचा घास

डाळी पिकविण्यांत भारत जगांत पहिला. तरीही वरणासाठीं त्या परदेशांतूनही आणाव्या लागतात. द्विदल पिकें मुळांवरील गांठींतील जंतूंकरवीं हवेंतील नत्र मिळवितात, हें जर्मन शास्त्रज्ञ हेल्रीगेल ह्यानें १८८६ सालीं दाखविलें. मग त्यांस खत कशाला? गांठी धरेपर्यंत रोप उपाशी असतें. म्हणून पेरणीच्या वेळीं हेक्टरीं सुमारें २० किलो नत्र जमिनींत द्यावें. अधिक दिल्यास गांठीच कमी धरतात. पुढें शेंगा भरूं लागल्या कीं झाडाची साखर तिकडे वळते व गांठी मंदावतात. कोरडवाहू हरभऱ्यास तेव्हां जमिनींत ओलही नसते. मुळांस खत पोंचत नाहीं. अशा वेळीं, फुलोऱ्यांत व शेंगा भरतांना, १० लिटर पाण्यांत २०० ग्रॅम युरिया विरघळवून सकाळीं अथवा सायंकाळीं पानांवर फवारावा. वेळेवर दिलेला घास थोडका असला तरी अंगीं लागतो.