तोच का हा? – ‘डॉक्टर हू’ आणि त्याचे प्रेक्षक



आपल्या या व्याख्यानमालेत संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, सयाजीरावांची ग्रंथालये झाली. तिथे एका इंग्रजी दूरदर्शन मालिकेवर बोलायचे म्हणजे धाडसच आहे. चिटणिसांना मी विषय कळवला तेव्हा त्यांनी फोनवर दोनदा विचारले, “डॉक्टर कोण?” मी म्हटले, “अहो, तेच तर मालिकेचे नाव आहे.”

हा विषय मला माझ्या घरातल्या एका भांडणातून मिळाला. मुलगा वीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी लीड्सला गेला. नात तिथेच जन्मली. गेल्या दिवाळीत सगळी बडोद्याला आली होती आणि फराळाच्या ताटांवर बापलेकीचे जुंपले. मुलगा म्हणे, खरा डॉक्टर डेव्हिड टेनंट, बाकी सगळे आले नि गेले. नात म्हणे, खरी डॉक्टर जोडी व्हिटाकर. डॉक्टर एकच, पण एकाच्या मते तो पुरुष आणि दुसरीच्या मते ती बाई! मला वाटले, ही दोघे दोन निरनिराळ्या मालिकांबद्दल बोलताहेत. तसे नव्हते. मग मी ती मालिका पाहायला बसलो, आणि पाहता पाहता माझ्या ध्यानात आले की हे भांडण आपल्याही घरचे आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी. दिसायला माणसासारखा, पण त्याला हृदये दोन. त्याचे वाहन म्हणजे निळ्या रंगाची पोलीस चौकीची लाकडी पेटी, टार्डिस. बाहेरून कपाटाएवढी, आतून वाड्यापेक्षा मोठी. त्या पेटीतून तो भूतकाळात जातो, भविष्यात जातो, दुसऱ्या ग्रहांवर जातो. बरोबर एखाददुसरा पृथ्वीवरचा सोबती असतो. जिथे जाईल तिथे अन्याय दिसला की तो मध्ये पडतो, आणि होता होईल तो हत्यार न उचलता बुद्धीने वाट काढतो. गोष्ट एवढीच.

बीबीसीवर तिचा पहिला भाग दाखवला गेला २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी संध्याकाळी. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली होती आणि लोकांचे मन थाऱ्यावर नव्हते, म्हणून पुढच्या शनिवारी तो भाग पुन्हा दाखवून मग दुसरा दाखवला. मालिकेची कल्पना मांडणाऱ्यांत प्रमुख होते सिडनी न्यूमन, मूळचे कॅनडाचे. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, वय सत्तावीस. आणि दिग्दर्शक? वारिस हुसेन, वय चोवीस, जन्म लखनौचा. इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या अत्तिया हुसेन यांचे ते चिरंजीव. म्हणजे इंग्लंडच्या घराघरात पोचलेल्या या मालिकेचा पहिला भाग बसवला तो एका कॅनेडियनाच्या हाताखाली, एका तरुण बाईच्या विश्वासावर, लखनौच्या एका मुलाने. ज्याला आपण अस्सल इंग्रजी म्हणतो ते पहिल्या दिवसापासून असे बाहेरून आलेल्यांच्या हातचे होते.

पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल. पंचावन्न वर्षांचे, पांढऱ्या केसांचे, तिरसट आजोबा. तीन वर्षांत त्यांची प्रकृती ढासळली. रक्तवाहिन्यांचा विकार होता, संवाद आठवेनासे झाले. मालिका तर जोरात चाललेली. आता करायचे काय?

असा प्रसंग रंगभूमीला नवा नाही. आपल्याच बडोद्यात कारकुनी करणाऱ्या भाऊराव कोल्हटकरांना अण्णासाहेब किर्लोस्करांनी नाटकात नेले आणि ते शकुंतला झाले, सुभद्रा झाले. भाऊराव १९०१ साली गेले. १९०५ साली नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत आले आणि शकुंतला म्हणून उभे राहिले. भाऊरावांना ऐकलेले लोक तेव्हा थिएटरात असणारच, आणि त्यांच्या मनात तुलना चालली असणारच. पण रंगमंचावरच्या दुष्यंताला त्याचा पत्ता नसतो. त्याच्या लेखी शकुंतला तीच. आजच्या मालिकांतही नट बदलला तर खाली एक पाटी येते आणि घरातली सासू नव्या सुनेशी कालच्यासारखीच बोलते. बदल प्रेक्षकाला दिसतो, गोष्टीतल्या माणसांना दिसत नाही. हा सगळ्यांनी मान्य केलेला संकेत आहे.

बीबीसीच्या लोकांनी हा संकेत मोडला. २९ ऑक्टोबर १९६६ च्या भागात थकलेला डॉक्टर टार्डिसच्या जमिनीवर कोसळला, चेहऱ्यावर उजेड पसरला आणि तिथे दुसराच माणूस पडलेला दिसला. हा पॅट्रिक ट्राउटन. बुटका, ढगळ विजारीचा, पावा वाजवणारा, विदूषकी चेहऱ्याचा. पहिल्याशी कशाचा मेळ नाही. आणि गोष्टीतल्या माणसांनी ते पाहिले.

पुढच्या कथेत जे घडते ते मला या साऱ्या मालिकेचे मर्म वाटते. डॉक्टरबरोबर दोन सोबती आहेत, बेन नावाचा खलाशी आणि पॉली नावाची मुलगी. पॉलीला वाटते, हा डॉक्टरच. बेनला वाटते, हा कोणी तोतया आहे. नवा माणूसही काही पुरावा देत नाही. उलट डॉक्टरबद्दल बोलताना तो परक्याबद्दल बोलावे तसे बोलतो. बेनचा संशय बराच वेळ तसाच राहतो. शेवटी पटते कशाने? डालेक नावाचे जे डॉक्टरचे हाडवैरी, त्यांतला एक जण त्याला पाहतो आणि ओळखतो. मित्राला खात्री पटत नव्हती, ती शत्रूने पटवली!

लेखकांनी काय केले पाहा. घरोघरी शनिवारी जे दोन पक्ष पडणार होते ते त्यांनी आधीच पेटीत बसवले. ज्याला नवा माणूस रुचला नाही त्याची बाजू बेनने घेतली, ज्याला रुचला त्याची पॉलीने. तुमचे दुःख खोटे आहे, असे कोणी म्हटले नाही. मालिका टिकली याचे मोठे श्रेय मी या प्रामाणिकपणाला देतो.

तेव्हापासून आजवर डॉक्टर कितीदा बदलला! सत्तरच्या दशकात आधी झालरीच्या सदऱ्यातले रुबाबदार जॉन पर्टवी, मग टॉम बेकर. बेकर सर्वांत जास्त, सात वर्षे टिकले. त्यांच्या गळ्यातला लांबलचक मफलर प्रसिद्ध आहे. विणणाऱ्या बाईंना भरपूर लोकर दिली होती, त्यांना वाटले सगळी संपवायची, त्यांनी ती संपवली! मग एकोणतीस वर्षांचे पीटर डेव्हिसन आले, आणि लोक म्हणाले, हे पोर काय डॉक्टर होणार? पुढे २००९ मध्ये सव्वीस वर्षांच्या मॅट स्मिथची निवड झाली तेव्हाही तेच म्हणाले. हार्टनेल यांच्यासारखेच पंचावन्नाव्या वर्षी पीटर कपाल्डी आले, तेव्हा उलटे म्हणाले, हा फार म्हातारा.

पण नवीन म्हणून ते गोडच मानावे, असेही नाही. १९८४ मध्ये कॉलिन बेकर आले. त्यांचा भडक रंगीबेरंगी कोट, आणि पहिल्याच कथेत हा डॉक्टर आपल्या सोबतिणीचा गळा धरतो. लोकांना ते आवडले नाही, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. बेनचा संशय कधीकधी रास्त असतो. मालिका दीड वर्ष थांबवली गेली, पुढे बेकरना काढून टाकण्यात आले. दुखावलेला हा नट निरोपाच्या दृश्यालाही आला नाही. त्यांच्या जागी आलेल्या सिल्व्हेस्टर मॅकॉय यांनाच टोप चढवून जमिनीवर पालथे पाडावे लागले. गंमत अशी की, हेच कॉलिन बेकर पुढे ध्वनिनाट्यांतून त्याच भूमिकेत परत आले, आणि नावे ठेवणाऱ्या कितीतरी चाहत्यांनी त्यांना मनापासून आपले मानले. त्यांना चांगले लेखन मिळायला उशीर झाला, एवढेच.

१९८९ मध्ये मालिका बंद पडली. १९९६ चा एक चित्रपट सोडला तर २००५ पर्यंत पडद्यावर काही नाही. त्या काळात ती कोणी जगवली? चाहत्यांनी. आणि मला त्यांचे सर्वांत मोठे ऋण वाटते ते याच्याही आधीचे. साठच्या दशकातले कितीतरी भाग बीबीसीने स्वतःच पुसून टाकले. टेपा महाग, त्या पुन्हा वापरायच्या, जुने कोण पाहणार? हार्टनेल यांचा तो अखेरचा भाग असाच गेला. चेहरा बदलतो ते काही क्षण वाचले, कारण ते मुलांच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात दाखवले होते. पण मित्रहो, हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. का? तर काही मुले घरी दूरदर्शन संचापाशी टेपरेकॉर्डर धरून बसत असत. संस्थेने जे टाकले ते घरांनी राखले.

अशाच घरांतल्या मुलांनी पुढे मालिका हातात घेतली. कपाल्डींचे शाळकरी वयातले चाहत्याचे पत्र १९७४ मध्ये ‘रेडिओ टाइम्स’ने छापले होते. ख्रिस चिबनॉल नावाचा एक मुलगा १९८६ मध्ये दूरदर्शनच्या चर्चेत येऊन लेखकांच्या तोंडावर म्हणाला की मालिका बिघडली आहे. तीस वर्षांनी तोच तिचा मुख्य लेखक झाला, आणि मग इतर चाहते त्याला तेच म्हणू लागले!

या चिबनॉल यांनीच २०१७ मध्ये जोडी व्हिटाकर यांना निवडले, पहिली स्त्री डॉक्टर. कल्पना नवी नव्हती. सिडनी न्यूमन यांनी १९८६ मध्येच ती बीबीसीला सुचवली होती. तरी वादळ उठले. दोन माजी डॉक्टरांतच मतभेद झाला. डेव्हिसन म्हणाले, मुलग्यांचा एक आदर्श गेला. कॉलिन बेकर म्हणाले, आदर्श व्हायला पुरुष कशाला लागतो? दोघांचेही प्रेम खरे होते. आमच्या नातीला या वादाची खबर नव्हती. ती आठ वर्षांची होती आणि तिच्या शाळेतल्या बायका बोलतात तशा यॉर्कशरी हेलात डॉक्टर पहिल्यांदाच बोलत होती. बस. चाहत्यांत म्हणतात, लहानपणी जो भेटला तो आपला डॉक्टर. पुढे रवांडात जन्मून स्कॉटलंडात वाढलेले शूटी गात्वा आले, आणि २०२५ मध्ये त्यांच्या जागी बिली पायपर यांचा चेहरा दाखवून मालिकेने पुन्हा सर्वांना कोड्यात टाकले. सध्या लीड्सच्या घरात बाप आणि लेक दोघेही बेन झालेले आहेत!

मग या सगळ्यांत एक काय राहिले? चेहरा नाही, वय नाही, बोलण्याचा हेल नाही, आता तर पुरुषपणही नाही. राहिली ती निळी पेटी, मध्ये पडण्याची ती खोड, आणि ‘हाच तो’ म्हणणारी माणसे. यांतले तिसरे सर्वांत नाजूक. ती माणसे नसतील तर पहिली दोन असून उपयोग नाही.

आता मघाशी ‘आपल्या घरचे भांडण’ म्हटले त्याकडे येतो. आपण सात-आठ पिढ्या इथे आहोत. माझी आजी जे मराठी बोलायची ते पुण्याच्या पाहुण्यांना हसू आणायचे, कारण त्यात गुजराती मिसळलेले असायचे. तेव्हा आम्हाला राग यायचा. आज माझी नात यॉर्कशरी हेलात मराठी बोलते, क्रियापद इंग्रजीच्या जागी ठेवते, आणि मी पटकन म्हणतो, “हे काही मराठी नव्हे.” पुण्याच्या पाहुण्यांच्या जागी मी कधी जाऊन बसलो ते मला कळलेही नाही.

बेन होण्यात चूक नाही. भाषा खरोखर हरवूही शकते. नुसते नाव मराठी उरले आणि आत काहीच नसले, असे तोतयेही असतात. संशय घेणारा माणूस घरात हवा. पण बेनने एक गोष्ट केली, ती आपण विसरतो. संशय घेऊनही तो पेटीतून उतरून गेला नाही. तो बरोबर राहिला, पाहत राहिला, आणि ओळख पटली तेव्हा त्याने ती कबूल केली.

नात परवा फोनवर म्हणाली, “आजोबा, मी तुम्हाला एक गोष्ट सांगते, पण तुम्ही मध्ये चुका नाही काढायच्या.” मी नाही काढल्या. गोष्ट डॉक्टरची होती, आणि ती तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत सांगितली.