‘हायपरसॉनिक’ : ओळखीच्या घरातला शब्द



जामखेडच्या माळावरून लांबच्या रानात कुणी लाकूड फोडत असेल, तर कुऱ्हाड पडलेली आधी दिसते आणि ‘ठक्’ मागून ऐकू येतं. ११ मार्च १७९५ रोजी इथं खर्ड्याच्या लढाईत तोफा धडाडल्या, तेव्हाही लांबून पाहणाऱ्याला आधी जाळ दिसला असेल, मग धडाका ऐकू आला असेल. आवाजालाही वाट चालावी लागते. सेकंदाला साधारण ३४० मीटर ही त्याची चाल. जामखेडहून सुमारे ७५ किलोमीटरवरच्या अहिल्यानगरला पोचायला त्याला साडेतीन मिनिटांहून अधिक वेळ लागेल.

आवाजाला मागं टाकणारा वेग म्हणजे सुपरसॉनिक, मराठीत स्वनातीत. तो आवाजाच्या पाचपट किंवा त्याहून जास्त झाला, की त्याला हायपरसॉनिक म्हणतात. या वेगानं अहिल्यानगर पाऊण मिनिटावर येतं!

वेगळा शब्द कशाला? कारण एवढ्या वेगात समोरची हवा दाबली जाऊन भयंकर तापते. वेग वाढत गेला, की हवेचे रेणूसुद्धा फुटू लागतात आणि आधीची गणितं पुरी पडत नाहीत. अमेरिकेत काम करणारे चिनी शास्त्रज्ञ च्येन श्युएसेन यांनी १९४६ साली अशा वेगातल्या हवेच्या प्रवाहावर निबंध लिहिला आणि त्या प्रवाहाला हायपरसॉनिक म्हटलं. तिथून हा शब्द रुळला.

आता त्याची फोड करू. ‘हायपर’ हा ग्रीक शब्द, अर्थ वर, पलीकडे. संस्कृतातला ‘उपरि’ त्याचा सख्खा भाऊ. आपण रोज म्हणतो तो ‘वर’ आणि ‘याउपर’मधला ‘उपर’ याच ‘उपरि’चे. ‘सॉनिक’ आला लॅटिन ‘सोनुस’वरून, म्हणजे आवाज. त्याचं नातं संस्कृत ‘स्वन’शी. स्वनातीतमध्ये तोच आहे, भाषाशास्त्रातल्या स्वनिमातही तोच.

७ सप्टेंबर २०२० रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून डीआरडीओ या आपल्या संरक्षण संशोधन संस्थेनं, हायपरसॉनिक वेगासाठी बनवलेल्या स्क्रॅमजेट इंजिनाच्या यानाची चाचणी घेतली. ते आवाजाच्या सहापट वेगानं गेलं. हल्ली हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत वरचेवर दिसतो.

म्हणून पालकांना आणि गुरुजनांना माझी विनंती आहे. मुलानं या शब्दाचा अर्थ विचारला, तर ‘इंग्रजी आहे, पाठ कर’ म्हणू नका. त्याला माळावर न्या, कुऱ्हाडीचा ‘ठक्’ ऐकवा आणि मग ‘उपरि’ अन् ‘स्वन’ सांगा. समजलेला शब्द पाठ करावा लागत नाही.