टेहळणीच्या पलटणींत जाऊं पाहणाऱ्या मुलांसाठीं
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंतील भाषण)



हल्लीं आपल्या पोरांच्या तोंडीं 'पॅरा कमांडो' हा शब्द फार आहे. मोबाइलवर किरमिजी टोपीचा जवान विमानांतून उडी घेतांना दिसला कीं पोरगा म्हणतो, मला हेंच व्हावयाचें. आम्ही त्यास नाउमेद करण्यास उभे नाहीं. पण हें काम काय व त्याची तयारी कोणती हें घरास ठाऊक असावें. नाहींतर त्याच्या हौसेवर भलतेच लोक आपली पोळी भाजून घेतात.

या पलटणींचें एक मोठें काम टेहळणीचें. चार-सहा माणसांनीं शत्रूच्या मुलखांत शिरावयाचें, दिवसभर दगडाआड निपचित पडावयाचें, गाड्या किती गेल्या, पूल कसला, तोफ कोठें, हें टिपावयाचें आणि कोणास न दिसतां परतावयाचें. तेथें बंदूक झाडावी लागली तर बहुधा काम बिघडलें असें समजावें. १९६५ च्या लढाईंत मेजर मेघसिंग यांनीं अशी एक टोळी बांधली, व तिच्यांतूनच १९६६ सालीं नववी पॅरा कमांडो पलटण उभी राहिली. आपल्या जवळची म्हणाल तर एकविसावी. ती १९८५ सालीं मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण म्हणून निघाली व १९९६ सालीं पॅरा झाली. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक याच एकविसाव्या पलटणींतले. ते १९६१ सालीं निघालेल्या साताऱ्याच्या सैनिक शाळेंत शिकले व नोव्हेंबर २०१५ मध्यें काश्मिरांत धारातीर्थीं पडले. त्यांच्या पत्नी २०१७ सालीं स्वतः सैन्यांत अधिकारी झाल्या. या धंद्याची किंमत काय, हें आयाबापांनीं आधींच जाणावें.

आतां वाट कशी? आधीं साधा शिपाई व्हावें लागतें. मग आपल्या मर्जीनें नांव द्यावयाचें. मग महिनोन् महिने पारख. झोप थोडी, ओझें जड, चालणें रात्रीचें. नांव दिलेल्यांपैकीं बहुतेक जण गळतात. आग्र्यास विमानांतून पांच उड्या, त्यांत एक रात्रीची. शिवाय २०२२ पासून शिपाई अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठीं घेतला जाऊं लागला, आणि त्यांतील फार तर चौथा हिस्सा पुढें ठेवावयाचा असा नियम जाहीर झाला. तेव्हां मुलाची शाळा अर्धवट सोडवून त्यास मैदानावर पाठवणें हा शहाणपणा नव्हे.

आमचें खरें सांगणें या शाळेविषयींच आहे. लोक समजतात कीं येथें फक्त दंड लागतात. टेहळ्या नकाशा वाचतो. डोंगराच्या उंचीच्या रेघा, दिशेचे अंश, अंतराचा हिशेब, आणि पाहिलेलें चार ओळींत नेमकें लिहिणें, हें न येणारा पैलवान तेथें काय कामाचा? उलट धनगराचा पोर जमिनीचा उतार पाहून पाणी सांगतो, सुताराचा पोर नजरेनें माप घेतो. ही पुंजी आपल्या घरांत आहे, तिला अक्षरांची जोड द्या. मुलास तासभर रस्त्याकडेला बसवा, घरीं आल्यावर काय काय गेलें तें लिहून मागा. पहिल्या दिवशीं तो निम्मेंही सांगणार नाहीं.

शरीराचेंही ऐका. भरतींत १.६ किलोमीटर धाव असते. पहिल्या श्रेणीस साडेपांच मिनिटें ही मर्यादा वर्षानुवर्षें होती. नियम बदलतात, म्हणून चालू जाहिरात वाचावी. दहा वेळां दांड्यावर हनुवटी नेणें, नऊ फुटांचा खड्डा ओलांडणें, हेंही असतें. पण पहिल्याच आठवड्यांत डांबरी रस्त्यावर फाटक्या बुटांनीं दहा किलोमीटर पळून नडगी दुखवून घेऊं नये. मऊ मातीवर, हळूहळू वाढवावें. पोहणें विहिरींत शिकावें, सोबत जाणता माणूस ठेवून. आणि बाई, सगळें दूध डेअरीला घालून पोरास कोरा चहा पाजूं नका. भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडीं, एवढें पुरे. ताकदीचीं म्हणून विकलीं जाणारीं इंजेक्शनें घरांत येऊं देऊं नका. जत्रेंत दंडावर गोंदवूनही घेऊं नये, त्यापायीं मुलें नापास होतात. कान, दांत, डोळे व तळपाय सरकारी दवाखान्यांत आधींच तपासून घ्यावे.

राहिला दलाल. भरतीच्या दिवसांत तो गांवोगांव फिरतो, 'साहेब आपला आहे' म्हणतो आणि लाखांत बोलतो. त्याची युक्ती साधी आहे: दहा जणांकडून घ्यावयाचें, दोघे स्वतःच्या दमावर लागले कीं 'मीं लावले' म्हणावयाचें, बाकीच्यांस उद्या-परवा करीत झुलवावयाचें. यासाठीं लोक बैलजोडी विकतात, एकर गहाण टाकतात. धावण्याचें घड्याळ कोणाच्या ओळखीनें हळू चालत नाहीं. मुलानें अर्ज सैन्याच्या संकेतस्थळावर स्वतः भरावा. ठरलेल्या फीखेरीज दमडी लागत नाहीं. शंका असेल तर पुणें, कोल्हापूर, नागपूर येथें सैन्यभरतीच्या कचेऱ्या आहेत, तेथें सरळ जाऊन विचारावें.

आणि पारखींतून मुलगा परत पाठवला गेला तर घरच्यांनीं तोंड लपवूं नये. तो आपल्या मूळ पलटणींत शिपाई असतोच.