औषधी प्रथिनांवरील शर्करा

२०१६ साली दोडामार्ग व पुढे बांदा परिसरात गोचिडाच्या दंशाने पसरणाऱ्या माकडतापाची साथ उद्भवली, तेव्हापासून गोचीड म्हणजे काय हे सिंधुदुर्गात कोणास सांगावे लागत नाही. परंतु याच प्राण्याच्या दुसऱ्या एका जातीचा कर्करोगावरील एका औषधाशी जो संबंध अमेरिकेत उघडकीस आला, त्याची हकीकत सहसा कोणाच्या कानी आलेली नसते.

सेटुक्सिमॅब हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दिले जाणारे प्रतिपिंड. टेनेसी व नॉर्थ कॅरोलिना या प्रांतांत ते टोचताच शेकडा २२ रुग्णांस ॲलर्जीचा गंभीर झटका आला. इतरत्र असे क्वचितच घडे. २००८ साली त्याचा उलगडा झाला. हे औषध उंदराच्या पेशींत तयार होते, त्या पेशी प्रथिनावर अल्फा-गॅल नावाची शर्करा चढवितात, आणि मानवी देहास परकी असलेल्या नेमक्या या शर्करेविरुद्धची प्रतिपिंडे त्या रुग्णांच्या रक्तात आधीपासूनच हजर होती. ती लोन स्टार जातीच्या गोचिडाच्या दंशाने निर्माण होतात, हे पुढे सिद्ध झाले. तेच औषध चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून काढलेल्या, ही शर्करा न चढविणाऱ्या पेशींत तयार करून पाहिले, तेव्हा रुग्णांची प्रतिपिंडे त्यास चिकटली नाहीत.

याचे कारण असे, की अमिनो आम्लांची साखळी जनुकाबरहुकूम तयार होते, परंतु तिच्यावर कोणती शर्करा जडावयाची हे त्या त्या पेशीतील विकरे ठरवितात. एकाच नकाशावरून दोन घरे उभारली, तरी गिलावा ज्या त्या गवंड्याच्या हातवळणाचाच होतो. इ. कोलाय हा जिवाणू मानवासारखी शर्करा चढवीत नाही, म्हणून मुळातच बिनशर्करेचे असलेले इन्सुलिन त्यात निर्वेधपणे तयार करता येते. यीस्ट मॅनोज शर्करेच्या लांब साखळ्या जोडते. आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांस रक्तवृद्धीसाठी दिल्या जाणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या शर्करेच्या टोकांवर सायलिक आम्ल नसेल, तर यकृत ते झपाट्याने रक्तातून काढून टाकते व औषध वाया जाते.

संधिवातावरील इटॅनरसेप्ट हे असेच शर्करायुक्त प्रथिन. पुण्यात ल्युपिन कंपनीने विकसित केलेल्या त्याच्या समरूपास, म्हणजे मूळ औषधाबरहुकूम दुसऱ्या कंपनीने तयार केलेल्या औषधास, २०२० साली युरोपीय संघाची मान्यता मिळाली. भारत सरकारनेही २०१२ साली अशा समरूप औषधांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, २०१६ साली ती सुधारली, आणि मूळ औषधाशी पदोपदी तुलना करणे उत्पादकावर बंधनकारक केले. अशी औषधे आपल्या कारखान्यांत तयार होऊन गरिबास परवडावीत, ही इच्छा रास्तच आहे. मात्र स्वस्ताईपायी या तपासणीत कसूर होता कामा नये.

श्रोत्यांस एवढीच विनंती, की घरातील कोणास असे इंजेक्शन सुरू असल्यास त्याचे नाव, कंपनी व बॅच क्रमांक दर खेपेस केसपेपरवर लिहून घ्यावा, आणि पूर्वी कशाचीही ॲलर्जी झालेली असल्यास ती सुई टोचण्यापूर्वीच डॉक्टरांच्या कानावर घालावी.