घर, शाळा आणि मिळकत : मध्यमवर्गीय कुटुंबापुढील त्रिविध प्रश्न
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा पाठ)



संस्थेच्या पन्नास वर्षांचा आढावा घेताना प्रथम आठवण होते ती वास्तूची, उत्सवांची आणि दात्यांची. ते योग्यच आहे. परंतु कोणतीही संस्था अखेर कुटुंबांच्या बळावर उभी असते आणि ते कुटुंब आज कोणत्या विवंचनेत आहे, याचा विचार सुवर्णमहोत्सवी वर्षात होणे अगत्याचे आहे. अंबरनाथ पूर्वेतील मध्यमवर्गीय कुटुंबापुढे आज तीन प्रश्न एकाच वेळी उभे आहेत : राहावे कोठे, मुलांना शिकवावे कोणत्या शाळेत आणि मिळकतीचा मार्ग कोणता धरावा. हे प्रश्न तीन वाटत असले तरी त्यांचे उत्तर एकाच थैलीतून आणि घड्याळातील त्याच चोवीस तासांतून द्यावयाचे असते. प्रस्तुत विवेचनाचे सूत्र एवढेच आहे.

गाव कसे वाढले

वालधुनीच्या काठावरील शिवमंदिर इ. स. १०६० चे, म्हणजे या गावाची ओळख साडेनऊशे वर्षांहून जुनी. परंतु नोकरदारांचे गाव म्हणून त्याची घडण झाली ती विसाव्या शतकात. कल्याणहून बोरघाटाच्या पायथ्याकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला होताच. पुढे विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना, धरमसी मोरारजींचा रसायन उद्योग, संरक्षण खात्याची ऑर्डनन्स फॅक्टरी आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत यांनी हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. शेजारी फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांच्या कल्याण कॅम्पचे ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर झाले आणि तेथील बाजारपेठेने पंचक्रोशीतील व्यापाऱ्याला नवे क्षेत्र दिले.

त्या काळातील मध्यमवर्गीयाचे गणित सोपे होते. कारखान्याचा भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर घर, चालत जाता येईल अशी शाळा आणि निवृत्तीपर्यंत टिकणारी नोकरी किंवा वडिलोपार्जित दुकान. आज त्या कारखान्यांपैकी काही इतिहासजमा झाले आहेत. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील गिरण्या खालावत गेल्या आणि मुंबईत घर परवडेनासे झालेली कुटुंबे मध्य रेल्वेच्या मार्गाने पुढे पुढे सरकत राहिली. २००१ च्या जनगणनेत एक लाखाच्या आत असलेली बदलापूरची वस्ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांजवळ पोहोचली. अंबरनाथ अडीच लाखांच्या वर गेले. कानसई, वडवली या भागांतील बैठ्या घरांच्या व बंगल्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. आता घर येथे आणि नोकरी ठाणे, मुंबई किंवा नवी मुंबईत, अशी विभागणी झाली आहे.

या विभागणीची किंमत पासाच्या रकमेत दिसत नाही. अंबरनाथ ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. जाणे, येणे आणि फलाटावरील प्रतीक्षा मिळून दिवसाचे तीन तास धरले आणि वर्षातील कामाचे २७५ दिवस मोजले, तर ८२५ तास होतात. म्हणजे वर्षातील अहोरात्र चौतीस दिवस मनुष्य गाडीत असतो. घर स्वस्त मिळाले असे म्हणताना हे चौतीस दिवस कोणाच्या वाट्याचे गेले, हे पाहिले पाहिजे. बहुधा ते मुलांच्या आणि वृद्ध आईवडिलांच्या वाट्याचे असतात.

घर : स्वप्न आणि हिशेब

एक उदाहरण घ्यावे. पतिपत्नी दोघे मिळवते, हाती येणारी एकत्रित मिळकत दरमहा ७०,००० रुपये, दोन मुले, घरी आईवडील. या कुटुंबाने घरासाठी ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २६,००० रुपये येतो. वीस वर्षांत फेड होते साडेबासष्ट लाखांच्या आसपास. म्हणजे मुद्दलाहून व्याज अधिक. तेच कर्ज पंधरा वर्षांचे घेतले तर हप्ता सुमारे २९,५०० रुपये, आणि एकूण फेड सुमारे त्रेपन्न लाख. महिन्याला साडेतीन हजारांची अधिक ओढाताण सोसली तर नऊ लाखांहून अधिक रक्कम वाचते. उलट, 'हप्ता हलका होईल' म्हणून मुदत लांबविणारे कुटुंब पुढील काळातील स्वतःच्याच मिळकतीवर बोजा टाकत असते.

आता खर्चाची दुसरी बाजू. हप्ता २६,०००, सोसायटीची देखभाल ३,००० आणि दोन मुलांची शाळा दरमहा १०,००० असे ३९,००० रुपये महिना सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असतात. उरलेल्या ३१,००० रुपयांत सहा माणसांचे अन्नवस्त्र, औषधपाणी, प्रवास, विमा, सणवार आणि बचत. सर्व सुरळीत असेल तर हा संसार चालतो. परंतु दोघांपैकी एकाची नोकरी गेली किंवा घरात एक मोठे आजारपण आले, तर तिसऱ्या महिन्यात दागिना गहाण पडतो. म्हणून किमान सहा महिन्यांचा हप्ता व घरखर्च बाजूला असल्याशिवाय घराचा बयाणा देऊ नये, हा नियम कठोर वाटला तरी हितकारक आहे.

कागदपत्रांविषयीही सावधगिरी आवश्यक आहे. या परिसराने त्याचे मोल दिलेले आहे. उल्हासनगरातील अनधिकृत बांधकामांचा प्रश्न एवढा मोठा झाला की २००६ मध्ये त्यांच्या नियमितीकरणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आणि मे २०२१ मध्ये तेथील दोन इमारतींचे स्लॅब कोसळून अनेकांचे प्राण गेले. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ च्या पुरांनी उल्हास नदीकाठच्या बदलापूर परिसरात घरांच्या तळमजल्यांची काय अवस्था केली, हे अनेकांनी पाहिले आहे. म्हणून घर पाहताना खिडकीतील देखाव्याआधी बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि पूररेषा पाहावी. जुन्या इमारतीत घर घ्यावयाचे असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागावा आणि जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे का, हे विचारावे. नव्या प्रकल्पाबाबत २०१७ पासून महारेराचा आधार आहे. नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकाला मनाई आहे आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. ओळखीच्या माणसाच्या शब्दावर लाखो रुपये रोख देण्याची रीत आता तरी थांबावी.

भाड्याच्या घरात राहणे म्हणजे कमीपणा, ही समजूतही तपासून पाहावी. ज्याची नोकरी स्थिर नाही, ज्याचा व्यवसाय नुकताच सुरू झाला आहे, त्याने नोंदणीकृत करारावर चार-पाच वर्षे भाड्याने राहून भांडवल जमविणे हा शहाणपणाचा मार्ग ठरू शकतो. मात्र भाडे आणि हप्ता यांतील फरक खरोखर बचतीत जावा. तो खर्चात विरघळला तर या मार्गाचा लाभ उरत नाही.

शाळा : नाव की शिक्षण?

या समाजाला शिक्षणाचे महत्त्व नव्याने सांगावे लागत नाही. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने शिक्षणप्रसार हे आपले प्रमुख कार्य मानले. मुंबईत १९१५ मध्ये श्री महावीर जैन विद्यालय उभे राहिले आणि गावोगावच्या होतकरू तरुणांना महानगरात निवासाची सोय झाली. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली. वसतिगृहातील सर्व जातीधर्मांच्या मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने मोडले. त्या पिढीने शिक्षणासाठी दागिने मोडले ते मुले शिकावीत म्हणून. शाळेच्या नावाने घराची प्रतिष्ठा वाढावी म्हणून नव्हे. हा भेद आज पुसट होत चालला आहे.

शुल्काचा हिशेब पाहावा. पहिलीत वर्षाला ६०,००० रुपये शुल्क असेल आणि ते दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढत गेले, तर बारावीचे शुल्क १,७१,००० रुपयांच्या घरात जाते आणि बारा वर्षांची बेरीज एका मुलामागे पावणेतेरा लाखांहून अधिक होते. यात बस, गणवेश, शिकवणी धरलेली नाही. खरा खर्चाचा काळ तर त्यानंतर, महाविद्यालयाच्या दारात सुरू होतो. बालवर्गातच सारी शक्ती खर्चून बसलेले कुटुंब त्या दारात कर्जाचा अर्ज घेऊन उभे राहते. प्राथमिक शाळेत थोडे कमी खर्चून तो फरक उच्च शिक्षणासाठी राखून ठेवणे, हा पर्याय अनेक घरांत चर्चेलाच येत नाही.

माध्यमाचा प्रश्नही असाच. इंग्रजी आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही. परंतु इंग्रजी भाषा उत्तम येणे आणि सर्व विषय इंग्रजीतून घोकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला. शाळा निवडताना इमारतीपेक्षा शिक्षक किती वर्षे टिकतात, वर्गात मुले किती आणि घरापासून अंतर किती, हे तीन प्रश्न विचारावेत. ज्या घरी वडील रात्री नऊला गाडीतून उतरतात, तेथे मुलाचाही तासभर बसमध्ये जावा, हे कुटुंबाच्या हिताचे नाही. शुल्कवाढीसंबंधी महाराष्ट्राचा २०११ चा कायदा पालक-शिक्षक संघाला अधिकार देतो. त्या सभेला पालक उपस्थित राहिले तरच त्याचा उपयोग. जैन समाजाला २७ जानेवारी २०१४ पासून राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला आहे. शिष्यवृत्ती व शैक्षणिक कर्जाच्या योजना वेळोवेळी बदलतात, म्हणून त्यांची चौकशी प्रत्येक वर्षी नव्याने करावी.

मिळकत : एक दोर की अनेक?

पूर्वी 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' असे म्हणत. मध्यंतरी नोकरी उत्तम ठरली. आता कोणतीच गोष्ट निर्धास्त नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सेवेत आलेल्यांची निवृत्तिवेतनाची पद्धत बदलली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांचा कारभारही सरकारी कंपन्यांकडे गेला. २०२० च्या टाळेबंदीने लहान दुकानदाराला महिनोन्‌महिने घरी बसविले. त्या काळात जी कुटुंबे तरली, त्यांच्यापाशी बहुधा दोन गोष्टी होत्या : थोडी शिल्लक आणि मिळकतीचा दुसरा दोर.

हा दुसरा दोर अनेक घरांत स्त्रीच्या हाती असतो, पण त्याची गणना होत नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला आणि त्यातून लिज्जतसारखी संस्था उभी राहिली. घरातील सून खाकरे, पापड, शिकवणी किंवा हिशेबलेखनाचे काम करीत असेल, तर त्यास 'फावल्या वेळचे' न म्हणता त्याचा स्वतंत्र हिशेब आणि स्वतंत्र बँक खाते असावे. घराच्या दस्तातही तिचे नाव असावे. १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे होणाऱ्या घरखरेदीस मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली, ती याच विचाराला पोषक आहे.

न बोललेला चौथा हप्ता

घर, शाळा, मिळकत यांचा हिशेब जुळविताना एक रक्कम कागदावर येत नाही. ती म्हणजे समाजात शोभून दिसण्याचा खर्च. साखरपुडा, विवाह, वाढदिवस, उद्यापने यांतील भपका श्रीमंताला परवडतो आणि मध्यमवर्गीयाला बांधून घालतो. एका दिवसाच्या समारंभासाठी घेतलेले वैयक्तिक कर्ज पाच वर्षे फेडावे लागते, आणि हप्ते थकले तरी ते कोणाजवळ बोलता येत नाही. मदत मागण्यापेक्षा गप्प राहणे बरे, असे ज्या समाजातील माणसाला वाटते, त्या समाजाने स्वतःकडे पाहावे.

श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रह-परिमाण आहे आणि त्यात मर्यादा घालावयाच्या वस्तूंत क्षेत्र व वास्तू यांचा उल्लेख प्रारंभीच येतो. घर असू नये, असे ते व्रत सांगत नाही. किती असावे हे आधी ठरवावे, असे सांगते. कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी मर्यादा ठरविणे, हे त्या व्रताचे आजचे व्यावहारिक रूप होय. क्रम असा असावा : आधी खात्रीची मिळकत किती हे प्रामाणिकपणे मांडावे, मग संकटासाठीची शिल्लक व विमा बाजूला काढावा, त्यानंतर शिक्षणाचा पंधरा-वीस वर्षांचा अंदाज करावा आणि उरेल त्यात घर बसवावे. आज बहुतेक ठिकाणी घर आधी ठरते आणि बाकी सारे त्याच्यामागे फरफटत जाते.

याकामी संस्थांनाही करण्याजोगे पुष्कळ आहे. समाजात निवृत्त बँक अधिकारी, वकील, सनदी लेखापाल, शिक्षक आहेत. महिन्यातून एक रविवार त्यांनी दोन तास बसून घराची कागदपत्रे, कर्जाचे करार आणि शिष्यवृत्तीचे अर्ज पाहून द्यावेत; आलेल्याचे नाव बाहेर जाऊ नये. जुनी पाठ्यपुस्तके, अभ्यासिकेची एक खोली, सामुदायिक विवाहास प्रतिष्ठितांनी स्वतःच्या घरापासून आरंभ, यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही.

पन्नास वर्षांपूर्वी मोजक्या कुटुंबांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून संस्थेचा पाया घातला, म्हणून आजचा सोहळा आहे. पुढील पन्नास वर्षे ती उभी राहावयाची असेल, तर तिच्या छायेतील कुटुंबे कर्जाने वाकलेली नसावीत, त्यांची मुले शिकलेली असावीत आणि संध्याकाळचे जेवण त्यांनी एकत्र घ्यावे. सुवर्णमहोत्सवाची खरी फलश्रुती तीच ठरेल.

जय जिनेंद्र!